दाराबाहेरची आई, दाराआतली सिस्टर

‘बाळ काचेत ठेवलंय.’ जिल्हा रुग्णालयाच्या आवारात कधीही जा, कुणीतरी फोनवर गावाकडे हे वाक्य सांगत असतं. काच म्हणजे पूर्वीची काचेची पेटी. आता बहुतेक ठिकाणी वरून ऊब देणारा उघडा वॉर्मर आला आहे, पण बोलण्यातली काच गेली नाही. माझ्या भाचीचं बाळ असं सव्वा महिना काचेत होतं. जन्मतः वजन चौदाशे ग्रॅम. आम्ही नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसून आत काय चाललंय याचा अंदाज बांधायचो. डॉक्टर राउंडच्या वेळी दिसत. बाकी दिवस-रात्र दाराच्या चौकोनी काचेतून दिसायची ती सिस्टर. ती घाईत चालली की आमच्या पोटात गोळा यायचा आणि ती उभ्याउभ्या काही लिहीत असली की जिवाला जरा स्वस्थता वाटायची.

लहान मुलांची परिचारिका नेमकं काय करते, आणि पूर्वी करायची तेच आज करते का, हा प्रश्न मला त्या बाकावर पडला. नंतर वाचत, विचारत गेले तेव्हा लक्षात आलं की तिच्या कामाचा इतिहास म्हणजे बराचसा त्या दाराचाच इतिहास आहे. दार कुणासाठी उघडं, कुणासाठी बंद, आणि हे ठरवायचं कुणी.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचं रुग्णालय १४ फेब्रुवारी १८५२ रोजी दहा खाटांवर सुरू झालं. ते उभं करणारे डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी दोनच वर्षांनी मुलांच्या शुश्रूषेवर छोटं पुस्तक लिहिलं. मोठ्या माणसाची सेवा करणारी बाई मुलाची सेवा करू शकेलच असं नाही, हे तेव्हाच उमगलेलं होतं. मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही. रडण्याचा सूर, पाय पोटाशी घेणं, एकाएकी खेळणं टाकून देणं यावरून ते ओळखावं लागतं. पुढे १९१९च्या कायद्याने ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा आजारी मुलांच्या परिचारिकांसाठी वेगळी यादी ठेवली गेली.

पण याच काळात दार बंद झालं. कारण खोटं नव्हतं. प्रतिजैविकं नव्हती, घटसर्प आणि लोहितांग ज्वर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात, आणि येणारी माणसं रोग आणतात ही भीती खरी होती. त्यात दुसरं एक कारण मिसळलं. आई भेटायला आली की मूल रडायचं, ती निघाली की आणखी रडायचं. ती आलीच नाही तर दोन-चार दिवसांत शांत व्हायचं. शांत मूल म्हणजे सावरलेलं मूल, असा अर्थ लावून भेटीच्या वेळा आणखी कमी झाल्या. परिचारिका आईच्या जागी आली खरी, पण एका मुलाला एक परिचारिका कधीच मिळाली नाही. एक सगळ्यांचा ताप बघायची, दुसरी सगळ्यांना आंघोळ घालायची, तिसरी भरवायची. मुलाच्या वाट्याला हात पुष्कळ आले आणि ओळखीचा एकही नाही.

त्या शांततेचा खरा अर्थ जेम्स रॉबर्टसन या माणसाने दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या पाळणाघरात पडेल ते काम करायचा. आईपासून दुरावलेली मुलं त्याने तिथे जवळून पाहिली. १९५२ साली त्याने एक चित्रपट केला. अडीच वर्षांची, लॉरा नावाची मुलगी साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच गोष्ट. लॉरा आक्रस्ताळी नव्हती. उलट वयाच्या मानाने फार समजूतदार होती, आणि म्हणूनच ते बघवत नाही. ती रडू गिळते, आईबद्दल पुन्हा पुन्हा विचारते. शेवटच्या दिवशी घरी निघताना मात्र ती आईचा हात धरत नाही. हा चित्रपट वैद्यकीय सभेत दाखवला तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका रॉबर्टसनवर संतापले. त्या संतापाकडे मी आज सहानुभूतीने बघते. आयुष्यभर ज्या शांत वॉर्डाचा अभिमान बाळगला, ती शांतता म्हणजे मुलांनी सोडलेली आशा होती, हे मान्य करायला फार मोठं मन लागतं.

१९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने शिफारस केली की आई-वडिलांना कधीही येऊ द्यावं, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्यावं आणि मुलांची शुश्रूषा करणाऱ्यांना त्याचं खास शिक्षण द्यावं. अहवाल आला म्हणून दारं लगेच उघडली नाहीत. पालकांच्या संघटनांना कित्येक वर्षं एकेका रुग्णालयाशी भांडावं लागलं. परिचारिकेच्या कामाचं पहिलं मोठं वळण मात्र हेच. आईच्या जागी उभी असलेली ती आता आईच्या शेजारी येऊन उभी राहिली.

आपल्याकडे ही गोष्ट उलटी घडली, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या मुलांच्या वॉर्डातून आई कधी बाहेर गेलीच नव्हती. ती खाटेवर मुलाजवळ आडवी होते, खाटेखाली पिशवी ठेवते, औषध पाजते, लघवीची नळी सांभाळते, सलाईन संपत आलं की धावत जाऊन ‘सिस्टर, बाटली संपली’ म्हणून सांगते. यात मानसशास्त्राचा काही विचार नव्हता. साठ मुलांमागे दोन सिस्टर असतील तर दुसरं करणार काय? पुढे नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष आले, यंत्रं आली, वातानुकूलन आलं, आणि आपण ब्रिटनने टाकून दिलेलं बंद दार नव्याने बसवलं. बाळ आत, आई बाहेर, पलीकडे सासू डबा घेऊन. बाळाच्या पायाला पट्टी बांधलेली, त्यावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव. आईची आठवण एवढीच.

पण तिकडे दार बंद होतं तेव्हा त्याच्या आड काय चाललं होतं हेही पाहायला हवं. दार बंद असताना आतल्या बाईची नजर केवढी तयार झाली आणि ती एकटी कुठे अपुरी पडली, याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात.

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथे वॉर्ड नावाच्या एक सिस्टर होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, असं त्यांचं मत. म्हणून उन्हाळ्यात त्या बाळांना बागेत न्यायच्या. १९५६ साली त्यांनी एक कावीळ झालेलं बाळ डॉक्टरांना दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण चादरीचा कोपरा जिथे पडला होता तेवढाच त्रिकोण गडद पिवळा राहिला होता. उन्हाने कावीळ उतरते, हे त्या त्रिकोणाने सांगितलं. १९५८ मध्ये त्यावरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज आपल्या तालुक्यातल्या आया ‘बाळाला निळ्या लाईटखाली ठेवलंय’ म्हणतात, त्या लाईटचा उगम एका सिस्टरच्या निरीक्षणात आहे.

दुसरं उदाहरण दुखरं आहे. १९४० आणि ५०च्या दशकांत जगभरात दहा हजारांच्या आसपास अपुऱ्या दिवसांची बाळं आंधळी झाली. जास्त ऑक्सिजन दिल्याने डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या बिघडत होत्या. वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात डॉ. अर्नाल पॅट्झ यांनी हा संशय तपासण्यासाठी काही बाळांना कमी ऑक्सिजन द्यायला सुरुवात केली. रात्रपाळीच्या परिचारिकांना ते सहन होईना. बाळांचा श्वास कोंडतोय, डॉक्टर त्यांना मारायला निघालेत, असं वाटून त्या रात्री गुपचूप ऑक्सिजनची चावी वाढवायच्या. त्या बायकांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांना कुणी विश्वासात घेतलं नव्हतं, प्रयोग कशासाठी चालला आहे ते नीट समजावलं नव्हतं. नजर आणि माया यांच्या जोडीला ज्ञान दिलं नाही तर काय होतं, ते या गोष्टीत आहे. आज आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कक्षांत अशा बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखायचं असतं. वर गेलं तर डोळे, खाली गेलं तर मेंदू. पडद्यावरचा आकडा बघून चावी फिरवणारा हात बहुतेक वेळा सिस्टरचाच असतो. हा निर्णय आहे. आपण त्याला निर्णय म्हणत नाही, एवढंच.

अमेरिकेत तो निर्णय मान्य करण्याचं पाऊल १९६५ साली पडलं. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून असा अभ्यासक्रम काढला की परिचारिका मुलाला तपासेल, वाढ मोजेल, साधे आजार स्वतः हाताळेल आणि अवघड मूल डॉक्टरांकडे पाठवेल. खेड्यापाड्यांत मुलं होती आणि डॉक्टर नव्हते, ही त्यामागची गरज. ती गरज आपल्याकडे आजही तशीच उभी आहे. आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंगमध्ये बालआरोग्य हा विषय घेता येतो, पण तो शिकलेली परिचारिका बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते, बाळाच्या खाटेशी राहत नाही. कारण खाटेशी राहून तिला ना वेगळं पद मिळतं ना वेगळा पगार. १९४७च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. त्याने हे चित्र बदललं तर मला मनापासून आनंद होईल.

दुसरं मोठं वळण लॅटिन अमेरिकेतून आलं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास डॉ. एद्गार रेय यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. एका पेटीत दोन-तीन बाळं, जंतुसंसर्ग, मृत्यू. त्यांनी बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच ती कांगारू पद्धत. बरीच वर्षं तिला गरिबांचा उपाय मानलं गेलं, तेही बाळ स्थिर झाल्यावरच. २०२१ मध्ये भारत, घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईजवळ ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली.

यासाठी सफदरजंगमध्ये अतिदक्षता कक्षातच आयांच्या खाटा टाकाव्या लागल्या. नुकती बाळंत झालेली बाई आत आली म्हणजे तिचा रक्तस्राव, तिचे टाके, तिचं जेवण, तिची झोप हेही आत आलं. बाळांच्या सिस्टरला बाळंतिणीचं बघावं लागलं. कामाची वाटणीच मोडली.

आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये नवजात बाळाच्या देखभालीत कुटुंबाला सामील करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर त्या चार ओळींच्या वाटतात. प्रत्यक्षात, पहिलटकरीण भेदरलेली आहे, दूध येत नाही म्हणून रडते आहे, बाळाला हात लावायला घाबरते आहे. तिला हात धुवायला शिकवायचं, हाताने दूध कसं काढायचं ते दाखवायचं, वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजताना बाळ ठसकलं तर काय करायचं ते सांगायचं. ‘ताई, घाबरू नका, तुमचंच आहे ते’ हे दिवसातून दहा वेळा म्हणायचं. वरून सासूबाई विचारणार, मध चाटवला तर चालेल का? त्यांनाही दुखवायचं नाही आणि मधही चाटवू द्यायचा नाही. सुई टोचण्याइतकंच हे कौशल्याचं काम आहे, आणि त्याची नोंद करायला कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नाही.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिचं श्रेय त्यांना आहेच. पण दुधाची पेढी रोज चालते ती एकेका आईला दूध काढायला बसवणाऱ्या, स्वतःच्या बाळाला पुरून उरलेलं दुसऱ्याच्या बाळाला द्यायला तिचं मन वळवणाऱ्या बायकांमुळे.

एका गोष्टीची मला काळजी वाटते, ती सांगायलाच हवी. कुटुंबाचा सहभाग हा शब्द मनुष्यबळाची टंचाई झाकायला वापरला जाऊ शकतो. आई आहे ना आत, मग सिस्टर कशाला जास्त? आई आत आली की सिस्टरचं काम कमी होत नाही, त्याची जात बदलते. विशेष नवजात काळजी कक्षात तीन-चार बाळांमागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका असावी, असं सरकारी सूचनाच म्हणतात. रात्री दोनला बाकावरून उठून मी काचेतून मोजत असे. किती सिस्टर आणि किती बाळं, ते मी इथे लिहीत नाही, कारण मोजून माझं मन खचायचं आणि तिचं खचलेलं दिसायचं नाही.

कामाची सीमा दाराच्या बाहेरच नव्हे, रुग्णालयाच्याही बाहेर जाऊ शकते, हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ऊब देत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली व पालक रुग्णालयात जायला तयार नसले तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यावी का, यावर वाद झाले. माझं मत विचाराल तर सुई कुणाच्या हातात हा प्रश्नच नाही, त्या हाताला कुणी किती वेळ देऊन शिकवलं आणि पाठीशी कोण उभं आहे, एवढाच प्रश्न. २०११ पासून देशभर आशाताई बाळाला पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा, आणि बाळंतपण घरी झालं असेल तर सात वेळा भेटतात. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजारी १६ बालमृत्यू होते आणि त्यातले ११ पहिल्या महिन्यातले. म्हणून या भेटींचं मोल आहे. पण कक्षातून घरी निघालेल्या बाळाची खडान्‌खडा माहिती सिस्टरकडे असते आणि आशाताईकडे जातो तो एक कागद. या दोघींचं फोनवर पाच मिनिटं बोलणं व्हावं, अशी साधी सोय अजून सर्वत्र नाही.

मुलांची परिचर्या फक्त नवजात बाळांची नाही. थॅलेसेमियाचं मूल दर काही आठवड्यांनी रक्त घ्यायला येतं आणि त्याच्या नसा कुठे मिळतात ते एकाच सिस्टरला ठाऊक असतं. मधुमेहाच्या मुलाला स्वतःची सुई स्वतः घ्यायला तीच शिकवते. मेळघाट-नंदुरबारच्या पोषण पुनर्वसन केंद्रात कुपोषित मुलाला ठरल्या वेळी, ठरल्या मापाने भरवणं तिच्याकडे असतं, आणि घर, शेत सोडून आलेल्या आईला तिथे थांबवून धरणंही. या प्रत्येकावर वेगळा लेख होईल. मी नवजात कक्षापाशी थांबले, कारण तिथला बदल सर्वांत वेगाने झाला आणि चुकीला जागा सर्वांत कमी आहे.

चुकीबद्दल बोलायचं तर भंडारा टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्या दहा घरांचं दुःख कुठल्याच आढाव्यात मावणार नाही. नंतर कारवाई झाली, तीत परिचारिकाही होत्या. कुणाची किती चूक हे ठरवणारी मी कुणी नाही. मला एवढंच दिसतं की आपण त्या बाईला यंत्रांची, विजेची, ऑक्सिजनची, बाळांची जबाबदारी देतो, आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर तिला ‘हे असं चालणार नाही’ म्हणण्याचा अधिकार देत नाही. कक्षाची वायरिंग तपासल्याशिवाय मी बाळं घेणार नाही, असं कुठली कंत्राटी सिस्टर म्हणू शकेल? दर वर्षी जिच्या नेमणुकीचा कागद नव्याने निघतो, तिने कुठल्या बळावर अडून बसावं?

त्यात बदल्यांचा खेळ. नवजात कक्षासाठी चार दिवसांचं वर्ग-प्रशिक्षण आणि दोन आठवडे मोठ्या रुग्णालयात बघून शिकणं, अशी सरकारी योजना आहे. प्रशिक्षित परिचारिकेला तिथून हलवू नये, असंही सांगितलेलं आहे. तरी व्हायचं ते होतं. बाळाच्या केसाएवढ्या नसेत सुई घालायला जिला वर्षभर लागलं, ती पुढच्या वर्षी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात असते आणि तिच्या जागी आलेली नव्याने शिकत असते. हे शिकणं बाळांच्या अंगावर होतं. माझ्या मते बाकी सगळ्या सुधारणांआधी ही एकच करावी: जी जिथे शिकली, तिला तिथे राहू द्यावं.

भाचीच्या बाळाला घरी सोडायच्या आदल्या दिवशी दार उघडलं आणि मला दहा मिनिटं आत घेतलं. पायात त्यांच्या चपला, अंगावर उलटा गाऊन. भाची खुर्चीवर बसली होती, ओढणीत बांधलेलं बाळ छातीशी. सिस्टर म्हणाली, ‘आता तुम्ही पाजून दाखवा, मी काही बोलणार नाही.’ भाचीने बाळ मांडीवर आडवं घेतलं, डोकं जरा उंच केलं, वाटी ओठाला लावली. हात थरथरत होते. बाळाने एक घोट घेतला, थांबलं, ठसकलं. मी पुढे झाले. सिस्टर जागची हलली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एकमेकांत घट्ट अडकवून. भाचीने वाटी खाली घेतली, बाळाला बसतं केलं, पाठ चोळली, श्वास सरळ झाल्यावर पुन्हा वाटी लावली. सतरा मिनिटांत तीस मिली गेलं. सिस्टरने वहीत वेळ लिहिली आणि पाजणाऱ्याच्या रकान्यात ‘आई’ लिहिलं.